एका मुलाची जागा

रविवारी दुपारी पाठ म्हणायची पद्धत दादा गेल्यावरही या घरानं मोडली नव्हती. लाँड्रीची भट्टी बंद, पुढच्या दाराला आतून कडी, आणि मागच्या खोलीत इस्त्रीच्या लांब टेबलाभोवती सगळे बसलेले. बाहेरून कुणी कान लावला असता तर त्याला वाटलं असतं, काय सात्त्विक कुटुंब आहे, बसून काहीतरी म्हणतंय. म्हणायचं ते असं. गावच्या घराला मागे पायऱ्या किती? सात. स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडायची? विहिरीकडे. आजीला कोणत्या कानानं कमी ऐकू यायचं? डाव्या. बोटीवर चढताना कोण कोण होतं? बाबा, आई आणि मी. हा 'मी' म्हणजे धाकटा. दादांचा सख्खा पाठचा भाऊ. गेली एकेचाळीस वर्षं तो आपल्या भावाचा मुलगा म्हणून या देशात राहत होता.

पाठाची सवय दादांनी लावली, आणि उगाच लावली नव्हती. सुरुवातीच्या वर्षांत इन्स्पेक्टर कधीही दारात उभे राहत. नवऱ्याला एका खोलीत, बायकोला दुसऱ्या खोलीत बसवायचे आणि तेच प्रश्न दोघांना विचारायचे. समोरच्या गल्लीतल्या एका न्हाव्याच्या घरात बापानं पायऱ्या पाच सांगितल्या, मुलानं सहा. दोघंही खरेच बाप-लेक होते, पण दोघांना आल्या बोटीनं परत जावं लागलं. तेव्हापासून दादा म्हणायचे, खऱ्या माणसाला पाठांतर लागत नाही असं समजू नका, खरी माणसंच आधी अडखळतात. आपण तर खोटे. आपल्याला जास्त आलं पाहिजे.

दुसरा नियम पडद्याचा. पुढचं दुकान आणि मागची खोली यांच्यामध्ये जुन्या चादरीचा पडदा होता. पडद्याच्या आत माई, म्हणजे दादांची बायको, आणि धाकटा हे वहिनी आणि भावजी. पडद्याच्या बाहेर, मग ते दुकान असो, रस्ता असो की दवाखाना, ते आई आणि बाळ. धाकट्याचे केस पांढरे झाले तरी माई त्याला गिऱ्हाइकासमोर 'अरे बाळ, कॉलरला खळ कमी पडली रे' म्हणायच्या आणि तो 'हो गं आई' म्हणून मान खाली घालायचा. माई त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. शोभून जायचं. एकेचाळीस वर्षांत दोघांची जीभ एकदाही घसरली नव्हती, आणि या गोष्टीचा धाकट्याला अभिमान होता. अभिमान बाळगावा अशी ती गोष्ट नव्हे, हे त्यालाही माहीत होतं.

त्या रविवारी मात्र पाठ कुणी म्हटला नाही. टेबलावर, इस्त्री ठेवायच्या लोखंडी पत्र्याशेजारी, सरकारी कचेरीचं पत्र पडलं होतं. धाकट्याच्या मुलानं ते तीनदा वाचून दाखवलं होतं. हा मुलगा वकिलाकडे कारकून होता, घरात त्याला सगळे 'कारकून'च म्हणत, आणि येत्या वर्षी त्याचं स्वतःचं नाव वकिलांच्या यादीत चढायचं होतं. पत्रात होतं ते एवढंच. नव्या कायद्याप्रमाणे इथल्या रहिवाशांची मागे राहिलेली मुलं अर्ज करू शकतात. अशा एका माणसाचा अर्ज आला आहे. तो आपल्याला या घरातल्या बाईंचा मुलगा म्हणवतो. पण आमच्या दप्तरात त्या बाईंना एकच मुलगा आहे, त्याच नावाचा, त्याच जन्मतारखेचा, आणि तो आईबापांबरोबर एकेचाळीस वर्षांपूर्वीच आत आलेला आहे. तरी मंगळवारी सकाळी दहा वाजता हजर राहून खरं काय ते सांगावं. घरच्यांनी अर्जदाराला ओळखलं नाही, तर तो तोतया ठरून त्याला हे दार कायमचं बंद होईल.

तोतया कोण, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तो टेबलाच्या टोकाला बसून बोटानं खळीचा वाळलेला डाग खरवडत होता.

झालं होतं ते असं. दादांना परवानगी मिळाली ती बायको आणि एक मुलगा आणायची. भाऊ, बहीण, म्हातारी आई, यांना त्या काळच्या कायद्यात जागाच नव्हती. कागद तयार झाले, बोटीचा दिवस ठरला, आणि सात वर्षांच्या मुलाचे डोळे आले. बंदरावरचा डॉक्टर बुटाची बटणं लावायच्या आकड्यानं पापण्या उलटून बघायचा आणि लाल दिसल्या की खडूची फुली मारून बाजूला काढायचा. एकदा नावापुढे फुली पडली की पुन्हा कागद मिळत नसत. दादांच्या आईनं तोड काढली. म्हणाली, त्याच्या कागदावर धाकट्याला न्या. दहाचा आहे पण अंगानं मरतुकडा, सातआठाचा सहज खपेल. तिकडे तुम्हाला हाताखाली कुणी हवंच आहे. याचे डोळे बरे झाले की पुढच्या वर्षी पाठवते.

पुढच्या वर्षी कायदा बदलला. नव्या माणसांना दार बंद झालं, आणि ज्याच्या नावानं एक मुलगा आत आलेला आहे तो पुन्हा कुठून येणार? कागदावर तो इथेच होता. शर्टांना इस्त्री करत होता.

धाकट्याला त्या सकाळचं सगळं आठवायचं, आणि सगळ्यात जास्त तो सदरा आठवायचा. पुतण्यासाठी प्रवासाला म्हणून नवा शिवलेला सदरा काढून त्याला घातला होता, काखेत घट्ट होत होता. पुतण्या डोळ्यांवर ओलं फडकं धरून बसला होता. त्यानं फडकं बाजूला करून पाहिलं आणि म्हणाला, काका, तो माझा आहे. एवढंच. रडला वगैरे नाही. धाकट्यानं तेव्हा त्याला सांगितलं होतं की पोचल्यावर परत देतो.

*

ताई आली ती पेटूनच आली. ताई म्हणजे माईंची मुलगी, इथेच जन्मलेली, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. ज्या भावाला तिनं कधी पाहिलं नव्हतं त्याच्याबद्दल तिला फार वाटायचं. लहानपणी तिला पडद्याचा नियम शिकवताना घरच्यांच्या नाकी नऊ आले होते, कारण पडद्याच्या आत धाकटा तिचा काका आणि बाहेर भाऊ. पाच वर्षांची असताना तिनं शाळेत बाईंना सांगितलं होतं की मला एक भाऊ आहे, तो घरी गेला की काका होतो. बाई हसल्या म्हणून निभावलं.

आल्या आल्या तिनं सांगून टाकलं, की यात विचार कसला करायचा, तो आपला आहे, मंगळवारी जायचं आणि आपला आहे म्हणून सांगायचं. बाबांना जे जमलं नाही ते आपण करू. काकांनी वाईट वाटून घेऊ नये, पण माणसानं दुसऱ्याच्या नावावर किती दिवस जगायचं? धाकट्यानं मान हलवली. तिचं म्हणणं त्याला पटतच होतं, तिथेच घोडं अडलं होतं.

कारकुनानं आवाज चढवला नाही. वकिलाकडे राहून त्याला एक गोष्ट कळली होती, की वाईट बातमी हळू बोलून सांगितली की जास्त लागते. तो म्हणाला, खोट्या नावानं आत आलेल्या माणसाचं नागरिकत्व रद्द होतं, आणि ते आजपासून नाही, मुळापासून होतं. म्हणजे माझे बाबा या देशात कधी आलेच नाहीत असं धरतात. मग बाबांच्या नागरिकत्वावर मिळालेलं माझं जातं. ते ठीक आहे, माझं मी बघेन. पण ताई, दादांनी शपथेवर खोटं सांगितलं असं ठरलं, की त्यांची नोंदही डागाळते. आणि तुझा कागद कशावर उभा आहे?

ताईचा कागद कशावर उभा होता ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिचा जन्म इथला, शाळा इथली, पण तिनं लग्न केलं छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका परदेशी माणसाशी, आणि त्या काळच्या कायद्यात बाईला स्वतःचा देश नसायचा. लग्नाच्या वहीत सही केली आणि त्या क्षणी ती नवऱ्याच्या देशाची झाली. त्या देशाचं तिनं तोंडही पाहिलं नव्हतं. अकरा वर्षं ती जन्मगावात परकी म्हणून दर सहा महिन्यांनी ठाण्यावर हजेरी लावत होती. मग कायदा सुधारला, तिनं अर्ज केला, आणि नागरिकत्व परत मिळालं ते 'निर्मळ नोंदीच्या रहिवाशाची कन्या' म्हणून. हे शब्द त्या कागदावर होते. तिनं तो काचेत लावून ठेवला होता.

"परत हजेरी लागेल?" तिनं विचारलं.

कारकून म्हणाला, हजेरी लागली तर नशीब समज.

ताईनं पदराशी चाळा केला, पत्र उलटं केलं, सुलटं केलं. मग म्हणाली की शेवटी हा माईचा प्रश्न आहे, माईलाच विचारा. बोलताना तिनं माईंकडे बघितलं नाही. आपण किती लवकर पलटलो, याची तिला इतकी लाज वाटली की ती उठून नळाशी जाऊन उगाच दोन पेले विसळून आली.

धाकट्याची बायको इतका वेळ बटणं लावत बसली होती. तुटक्या बटणांचा डबा तिच्याकडे असायचा. लग्न होऊन पाचव्या वर्षी तिला कळलं होतं की सासू ही जाऊ आहे. तेव्हा ती दोन दिवस बोलली नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी इतरांपेक्षा चांगला पाठ म्हणायला लागली. तिनं दोरा दातानं तोडला.

"त्याच्या वाट्याचं आपण खाल्लं, हे मला कुणी सांगायला नको," ती म्हणाली. "पण पोटात गेलेलं आता बाहेर काढून कसं द्यायचं?"

सगळ्यांच्या मनातलं ती बोलली होती, आणि बोलल्यावर ते ऐकायला फार वाईट वाटत होतं. आता तिघं एका बाजूला झाली होती, कारकून, त्याची आई आणि ताई. माईंच्या बाजूला कुणी उरलं नव्हतं. धाकटा कुठल्याच बाजूला नव्हता, तो डाग खरवडत होता.

तेव्हा माई बोलल्या. सबंध दुपारभर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

"मी सांगणार आहे. मला विचारलं तर मी सांगणार, माझाच आहे म्हणून."

आणि त्या उठून दोरीवरचे रुमाल काढायला गेल्या. मागे राहिलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. संध्याकाळी सगळ्यांनी माईंशी फार गोड वागायला सुरुवात केली. बायकोनं त्यांना चहा दोनदा दिला, कारकुनानं त्यांच्या चपलेचा अंगठा शिवून आणला, ताईनं त्यांचे पाय दाबले. माईंना कळत होतं. त्या पाय दाबून घेत राहिल्या.

*

सोमवारी हॉटेलच्या चादरी यायच्या. मोठ्या चादरीची घडी एकट्याला घालता येत नाही, दोन माणसं दोन टोकांना लागतात. टोकं धरायची, ताणायची, झटकायची, दुमडायची, आणि मग एकानं चालत दुसऱ्याकडे जाऊन टोकं त्याच्या हातात द्यायची. माई आणि धाकटा हे काम वर्षानुवर्षं करत आलेले. आयुष्यात जे काय बोलायचं ते दोघं या चादरींच्या दोन बाजूंना उभं राहूनच बोलले होते. दादा गेले त्या आठवड्यातसुद्धा.

धाकट्यानं रात्रभर जुळवलेलं वाक्य पाचव्या चादरीला बाहेर काढलं.

"वहिनी, तुम्ही खुशाल सांगा. माझ्याकडे बघू नका."

म्हणाला खरा, पण म्हणतानाच त्याला कळलं की आपल्याला आतून हवंय ते वेगळं. वहिनींनी म्हणावं, छे हो भावजी, असं कसं करीन. शहाणपणाचं वाक्य त्यानं म्हणून टाकलं होतं, निस्तरायचं त्यांनी. माणूस पन्नाशीला आला तरी हे असलं सुटत नाही.

माई चालत आल्या, टोकं त्याच्या हातात दिली आणि तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना तो दहा वर्षांचा दिसत होता. बोटीवर त्याला ताप आला होता, आणि तापात त्यानं खरोखरच त्यांना आई म्हणून हाक मारली होती. त्यांनी ओ दिली होती. त्या हाकेला ओ देताना त्यांना बरं वाटलं होतं, आणि पुढे कित्येक वर्षं त्या बरं वाटण्याची त्यांना चीड येत राहिली.

"तेव्हा तुम्ही दहाचे होता, भावजी," त्या म्हणाल्या. "तुमचा काय दोष? पण आता तुम्ही दहाचे नाही."

पुढची चादर धरली. मग त्यांनी पत्रांचं काढलं. पत्रं इन्स्पेक्टर फोडतात, म्हणून दादांनी ठरवून दिलं होतं की गावाकडच्या मुलाला लिहायचं ते मावशी म्हणून. फोटो मागवायचा नाही, पाठवायचा नाही. माईंनी तेवीस वर्षं आपल्या मुलाला 'तुझी मावशी' म्हणून पत्रं लिहिली. तोही हुशार, तोही 'सौ. मावशीस' लिहायचा. पण प्रत्येक पत्रात एक ओळ असायची, की माझे डोळे आता बरे आहेत. सतरा वर्षांचा झाला, पंचवीसचा झाला, लग्न झालं, तरी ती ओळ असायचीच. आजी वारल्याचं लिहिलं त्यातही होती. त्यानंतर पत्रं थांबली.

"अठरा वर्षं झाली," माई म्हणाल्या. "मला एकदा त्याच्या तोंडावर त्याची आई व्हायचंय. बाकी तुम्ही तुमचं बघा."

धाकटा बरं म्हणाला. उरलेल्या चादरी त्यांनी संपवल्या. एकही घडी चुकली नाही.

*

मंगळवारी कचेरीत बाकावर बसायला जागा होती. भिंतीचा रंग नवा होता. खरं म्हणजे एकेचाळीस वर्षांपूर्वीचा बंदरावरचा लाकडी कठडा आणि हे यात काही साम्य नव्हतं, तरी धाकट्याचा हात काखेकडे गेला. त्यानं कोट नीट केला.

अधिकारी तरुण होता, वागायला चांगला. आधी माईंना बोलावलं, त्यांना हात धरून खुर्चीत बसवलं, पाणी विचारलं. तुम्हाला किती मुलं, असं तो विचारेल आणि आपण दोन मुलगे आणि... नाही, एक मुलगा आणि एक मुलगी, पण मुलगा तो नव्हे, हा, असं सांगू, अशी माईंनी मनाशी तयारी केली होती. मोडायचाच होता पाठ. पण त्यानं तसं विचारलंच नाही. त्यानं टेबलावर एक फोटो ठेवला आणि म्हणाला, बाई, याला ओळखता का?

फोटोत एक टक्कल पडलेला माणूस होता. गाल बसलेले, मिशी करडी, गळ्यापर्यंत बटण लावलेलं. माईंनी फोटो जवळ धरला, लांब धरला, खिडकीकडे नेला. त्या शोधत होत्या ओलं फडकं धरलेलं पोर. सात वर्षांचं. त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसात त्या पोराला शोधत राहिल्या आणि ते काही सापडेना. कुठूनच सापडेना. हो म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांना वाटलं, हा नसला तर? कुणा दुसऱ्याच माणसाला आपण बाळ म्हटलं तर? पुन्हा एकदा?

अधिकारी थांबला होता. घाई करत नव्हता.

"नाही," माई म्हणाल्या. "नाही ओळखत."

ते खरं होतं. एकेचाळीस वर्षांत सरकारी माणसापुढे या घरातल्या कुणी सांगितलेलं ते पहिलं खरं उत्तर असेल.

बाहेर येऊन त्या बाकावर बसल्या. काय झालं म्हणून तिघांनी वेढा घातला. माई म्हणाल्या, मी नाही म्हणाले. ताईनं डोळे मिटले, कारकुनानं श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला, आणि त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं म्हणून तो खोटं खोटं खोकला. मग माई फक्त धाकट्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या की मी हो म्हणायलाच गेले होते रे बाळ. मला ओळखूच आला नाही. आईला ओळखू आला नाही.

लगेच धाकट्याला आत बोलावलं.

त्यानं फोटोकडे पाहिलं आणि त्याला कुठे शोधावंच लागलं नाही. दादा होते. जसेच्या तसे दादा, शेवटच्या वर्षातले. तोच उजव्या बाजूला चढलेला भुवईचा कोपरा, तीच मान किंचित खाली घालून समोर बघायची रीत. माईंनी नवरा रोज पाहिला होता म्हणून कदाचित तो त्यांना दिसला नसेल, त्या मूल शोधत बसल्या. धाकट्याला मूल शोधायचंच नव्हतं.

"तुमच्या आई ओळखत नाही म्हणाल्या," अधिकारी म्हणाला. "तुम्ही?"

आता फक्त त्याच्यावर होतं. वहिनींनी त्याच्यासाठी खोटं सांगितलं नव्हतं, त्यांना फक्त दिसलं नव्हतं. त्यानं सांगितलं असतं तर त्यांना मुलगा मिळाला असता. त्याला मुलाचं वकिलांच्या यादीतलं नाव आठवलं, बायकोचा बटणांचा डबा आठवला. पण खरं सांगायचं तर त्याला त्यांच्यासाठी भीती वाटली नाही. त्याला स्वतःसाठी वाटली. हे नाव काढून घेतलं तर खाली काय आहे, हे त्याला आठवत नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

अधिकाऱ्यानं मान हलवली आणि कागद पुढे ओढला. म्हणाला, गंमत अशी आहे की या माणसाला बरीच माहिती आहे. घराच्या मागच्या पायऱ्या सात सांगतो, आजीचा डावा कान सांगतो. आणि त्यानं लिहिलंय, माझ्या जागी माझे काका गेले. ते आणि मी एका ताटात जेवायचो. माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही, त्यांना त्रास देऊ नये. हे सगळं त्याला कसं ठाऊक, तुम्हाला काय वाटतं?

धाकट्यानं फोटो अधिकाऱ्याकडे परत सरकवला.

"पाठ करून घेतात, साहेब," तो म्हणाला. "घरातली मोठी माणसं बसवून पाठ करून घेतात असलं."

"हो, पूर्वी फार चालायचं ते," अधिकारी म्हणाला, आणि त्यानं सहीची जागा दाखवली.

सही सफाईदार आली. एकेचाळीस वर्षांचा हात होता. शेवटचं अक्षर दादांनी शिकवलं होतं तसं थोडं वर वळवून त्यानं लेखणी खाली ठेवली.

बाहेर आल्यावर त्याला कुणी काही विचारलं नाही, तोंडावरून कळलंच. ताई आणि कारकून पुढे होऊन दार उघडायला गेले, बायको त्यांच्या मागे. कचेरीच्या बाहेर रस्त्यावर उतरायला दगडी पायऱ्या होत्या. माईंनी नेहमीप्रमाणे धाकट्याचं कोपर धरलं. खालून माणसं वर येत होती, हातात कागदांची भेंडोळी, मुलं कडेवर. दाराशी शिपाई उभा होता. सगळं पडद्याच्या बाहेरचं जग होतं.

दोन पायऱ्या उतरल्यावर माई थांबल्या. इतक्यात त्यांच्या मनात काहीतरी जुळलं असावं, किंवा तो त्यांच्याकडे बघायचं टाळत होता त्यावरून त्यांना कळलं असावं, की यानं ओळखलं. त्यांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं, आणि शिपायाला, चढणाऱ्या माणसांना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा नेहमीच्या आवाजात विचारलं.

"कसा दिसतो हो तो, भावजी?"

ताई खालच्या पायरीवर गर्रकन वळली. कारकुनाचा रंग उडाला. शिपायानं एकदा पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं. धाकट्याला सांगता आलं असतं की मलाही ओळखू आला नाही, वहिनी. खोटं बोलायची त्याला सवय होती, आणि हे खोटं तर मायेचं ठरलं असतं. पण त्या खोलीत त्याचं सगळं खोटं संपून गेलं होतं.

"दादासारखा," तो म्हणाला.

माईंनी दोनदा मान हलवली, बाजारभाव ऐकल्यावर हलवावी तशी. मग त्यांनी त्याच्या कोपरावरचा हात काढून घेतला आणि दगडी कठडा धरून एकेक पायरी एकट्याच उतरू लागल्या. त्यांना उतरायला त्रास होत होता. पुढे होऊन हात द्यावा, निदान मागून हाक तरी मारावी, असं धाकट्याला फार वाटलं, पण कोण म्हणून हाक मारायची ते त्याला कळेना, आणि तो तिथेच उभा राहिला.